चिलटं, परवाना आणि उजेड

पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या, चिकटपट्टी, थोडा काळा कागद, एक टॉर्च आणि सालीवर काळे डाग पडलेलं एक केळं. एवढ्या सामानात एक प्रयोग होतो आणि त्याला शाळेचा एक तास पुरतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आहे, त्यामुळे असे फुकटातले प्रयोग मी शोधत असतो. हा प्रयोग गेली काही वर्षं मी दर पावसाळ्यात करतो. त्यातून जे शिकायला मिळालं ते विज्ञानाच्या तासापुरतं राहिलं नाही, म्हणून आज त्याबद्दल लिहितोय.

आधी प्रयोग. पिकलेलं केळं एका बरणीत दोन दिवस उघडं ठेवलं की चिलटं जमतात. केळ्यावर, आंब्याच्या कोयीवर घोंघावणारी ती बारीक, लालसर डोळ्यांची माशी. बरणीच्या तोंडावर कागदाचं नरसाळं बसवलं की आत गेलेलं चिलट सहसा बाहेर पडत नाही. वीस-पंचवीस जमली की ती एका बाटलीत घ्यायची. दुसरी रिकामी बाटली तिच्या तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडायची. बाटल्या पारदर्शक हव्यात आणि लेबलं काढलेली हवीत. आता ही जोडबाटली टेबलावर आडवी ठेवायची, एका बाटलीला काळा कागद गुंडाळायचा आणि दुसरीच्या बुडाशी टॉर्च धरायचा. खिडक्या बंद करायच्या, बाटलीला हलकीशी टिचकी मारायची, मिनिटभर थांबायचं आणि उजेडातली चिलटं मोजायची. मग काळा कागद काढून दुसऱ्या बाटलीला गुंडाळायचा, टॉर्चही तिकडून इकडे आणायचा आणि पुन्हा मोजायचं. असं पाच वेळा.

प्रयोगाआधी मी विचारतो, काय होईल? सगळा वर्ग एका सुरात सांगतो, "उजाले की तरफ जाएंगे." कारण प्रत्येकाने घरातली ट्यूबलाइट पाहिलेली असते. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे दिव्याभोवती थैमान घालतात, जेवणाच्या ताटात पडतात, अम्मी दिवा मालवायला सांगते आणि घर अर्धा तास अंधारात बसतं. हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

होतंही तसंच. बहुतेक चिलटं उजेडाच्या बाटलीत येतात. कागद बदलला, टॉर्च बदलला, की तीच चिलटं मिनिटभरात मधल्या अरुंद तोंडातून पलीकडे जातात. सगळी मात्र कधीच जात नाहीत. दरवेळी दोन-चार अंधारातच राहतात. वर्ग त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. मी त्यांचाही आकडा फळ्यावर लिहायला लावतो.

मग येते निष्कर्षाची ओळ. मागच्या वर्षी एका मुलाने फळ्यावर लिहिलं, "चिलटांना उजेड आवडतो." मी वर्गाला विचारलं, यातलं तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं? थोडी चुळबुळ झाली. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "जाते हुए देखा." मग "आवडतो" कुठे दिसलं? ते कुणालाच दिसलं नव्हतं. मुलाने ओळ पुसली आणि लिहिलं, "बहुतेक चिलटं उजेडाच्या बाटलीत गेली." दिसायला हा फरक एका शब्दाचा आहे, पण माझ्या मते अख्खा प्रयोग त्या एका शब्दासाठी आहे. "गेली" हे आपण पाहिलं. "आवडतो" हे आपण त्यांच्या पदरात घातलं.

एकदा ही सवय लागली की मुलं स्वतःच प्रयोगातल्या फटी शोधू लागतात. एकीने विचारलं, टॉर्च गरम होतो, मग चिलटं उजेडाकडे गेली की उबेकडे? म्हणून आम्ही मेणबत्ती किंवा जुना बल्ब न वापरता हाताला गार लागणारा एलईडी टॉर्च वापरतो. दुसऱ्याने विचारलं, त्या बाटलीलाच केळ्याचा वास लागला असेल तर? म्हणून बाटली जागची न हलवता कागद आणि टॉर्च यांची अदलाबदल करायची. एक मुलगा म्हणाला, बाटल्या एकावर एक उभ्या ठेवू, छान दिसेल. पण चिलटांना वर चढायची सवय असते. भांडं टिचकवलं की ती वर पळतात. बाटली उभी ठेवून वरून उजेड पाडला तर ती "वर" गेली की "उजेडाकडे" हे सांगता येणार नाही. म्हणून बाटली आडवी.

हे सांगताना मला इब्न अल-हैसम यांचं नाव घ्यायला आवडतं. बसऱ्यात जन्मलेले, कैरोत राहिलेले आणि इ.स. १०४०च्या सुमारास वारलेले हे विद्वान. त्यांनी 'किताब अल-मनाज़िर' हा प्रकाश आणि दृष्टी यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला एक प्रयोग आठवीच्या मुलालाही करता येतो. अंधाऱ्या खोलीबाहेर निरनिराळ्या ठिकाणी काही दिवे ठेवायचे, समोर खोलीला एक बारीक छिद्र. आत भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके पडतात. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होतो, बाकीचे तसेच राहतात. झाकण काढलं की तो परत येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते पाहायचं. आमची बाटली आडवी ठेवण्यामागे हीच रीत आहे. आपल्याकडे इब्न अल-हैसम यांचं नाव बहुधा जुन्या वैभवाच्या भाषणात येतं. मला वाटतं, त्यांचं नाव घेण्यापेक्षा त्यांची रीत घेणं जास्त आदराचं आहे.

प्रयोगाचा दुसरा भाग चार-पाच दिवसांनी करायचा. बरणीतल्या केळ्यात तोवर पांढुरक्या बारीक अळ्या वळवळू लागतात. त्या चिलटांच्याच. एका ताटलीत ओला कागद पसरून आठ-दहा अळ्या मधोमध ठेवायच्या, अर्ध्या ताटलीवर काळा कागद आडवा धरायचा आणि उरलेल्या अर्ध्या भागावर टॉर्च. अळ्या डोकं इकडून तिकडे हलवत चाचपडतात आणि बहुतेक जणी अंधाराच्या बाजूला सरकतात.

वर्ग इथे गप्प होतो. त्याच जातीचा जीव, त्याच बरणीतला, आणि उत्तर अगदी उलट. "चिलटांना उजेड आवडतो" असं लिहिलं असतं तर आता काय लिहिणार होतो? कारण शोधायचं तर त्या जिवाच्या जागी जाऊन पाहावं लागतं. अळीचं घर फळाच्या गरात आहे. तिच्यासाठी उजेड म्हणजे घराबाहेर पडणं. बाहेर ऊन आहे, सुकून जाणं आहे, मुंग्या आहेत. पंख फुटलेल्या चिलटासाठी उजेड म्हणजे मोकळी जागा, निसटायची वाट. उजेड तोच आहे, त्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणे बदलतो.

एका मुलीने विचारलं होतं, असं किड्यांना कोंडून ठेवणं गुनाह तर नाही? मला प्रश्न आवडला. हदीसमध्ये एका पैगंबरांची गोष्ट आहे. मुंगी चावली म्हणून त्यांनी मुंग्यांचं अख्खं वारूळ जाळवलं आणि अल्लाहने त्यांना त्याबद्दल जाब विचारला. म्हणून आमच्या वर्गाचा नियम आहे, प्रयोग संपला की बाटली शाळेमागच्या पपईच्या झाडाखाली उघडायची, आणि एकही जीव गंमत म्हणून मारायचा नाही.

आता त्या "आवडतो" शब्दाकडे परत येतो, कारण त्यावर शास्त्रज्ञांचंही मोठं भांडण झालेलं आहे. जॅक लोब नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये प्राणी उजेडाकडे का वळतात यावर पुस्तक लिहिलं. पुढे तो अमेरिकेत गेला. त्याने एका पतंगाच्या सुरवंटांवर प्रयोग केले. थंडी संपताना हे सुरवंट भुकेले जागे होतात आणि झाडावर चढत फांद्यांच्या टोकांशी जातात, जिथे पहिली पालवी फुटलेली असते. लोक म्हणायचे, बघा, अन्न कुठे आहे हे त्यांना उपजत कळतं. लोबने त्यांना काचेच्या नळीत ठेवलं. नळीचं एक टोक उजेडाकडे केलं आणि पाला दुसऱ्या बाजूला ठेवला. सुरवंट उजेडाच्या टोकाशी जाऊन बसले आणि मागे पाला असूनही उपाशी राहिले. पोट भरलेल्या सुरवंटांची उजेडाची ओढ मात्र नाहीशी व्हायची, ते खाली उतरायला मोकळे. लोबने निष्कर्ष काढला, इथे कसली समज आणि कसली आवड? उजेड त्यांना यंत्रासारखा ओढतो.

लोबने "आवडतो" पुसलं हे बरोबर केलं. पण त्या जागी त्याने "यंत्र" लिहिलं, आणि तेही त्याने पाहिलेलं नव्हतं. त्या शब्दाचं पुढे काय झालं ते थोड्या वेळाने सांगतो. आधी दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगाकडे जाऊ, कारण वर्गात प्रश्न तिथेच येतो.

"सर, फिर परवाना?"

उर्दू शाळेत हा प्रश्न येणारच. आमच्या परिपाठात रोज इक्बाल यांची 'बच्चे की दुआ' म्हटली जाते. १९०२ साली लिहिलेली ही दुआ देशभरातल्या असंख्य उर्दू शाळांत पिढ्यान् पिढ्या म्हटली गेली आहे. तिच्यात परवाना येतो आणि इल्मची शमाही येते. मुलं सकाळी हात बांधून ते म्हणतात आणि तिसऱ्या तासाला मी त्यांना सांगतो की किड्याला उजेड "आवडतो" असं लिहू नका. पेच खराच आहे.

परवाना शमेभोवती का फिरतो याचं बरंच नीट उत्तर आत्ता कुठे मिळालं आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे सॅम्युएल फॅबियन, मूळचे भारतीय असलेले यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचं दिव्याजवळचं उडणं टिपलं. काही काम प्रयोगशाळेत झालं, काही कोस्टा रिकाच्या जंगलात. २०२४ च्या जानेवारीत त्यांचा शोधनिबंध आला. त्यांना दिसलं ते असं: कीटक दिव्याकडे नाक करून सरळ झेपावत नाहीत. ते दिव्याकडे पाठ करतात. उडताना आपली पाठ सर्वांत उजळ बाजूकडे ठेवायची ही कीटकांची फार जुनी सवय आहे. कोट्यवधी वर्षं रात्रीसुद्धा उजळ बाजू म्हणजे आकाश असायचं. पाठ उजेडाकडे असली की आपण सुलटे आहोत, वर कुठे आणि खाली कुठे ते ठीक आहे. इतक्या छोट्या, झपाट्याने वळणाऱ्या जिवाला तोल सांभाळायला हा सोपा आधार होता. मग माणसाने दिवा लावला. आता उजळ बाजू शेजारीच आली. कीटक पाठ दिव्याकडे कलवतो, त्यामुळे वळतो, पुन्हा कलवतो, पुन्हा वळतो आणि त्याच्याभोवती फिरत राहतो. दिवा जमिनीवर ठेवून उजेड वरच्या दिशेने सोडला तर काही कीटक चक्क उलटे होऊन खाली आदळले. आणि वर पांढरं कापड ताणून उजेड आकाशासारखा वरून पसरवला, तर ते सरळ निघून गेले.

म्हणजे परवाना आशिक नाही. तो वाट चुकलेला आहे. तो दिव्याला आकाश समजतो आहे.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. कण्हेरीवर वाढणारा एक मोठा पतंग आणि आपली चिलटं यांचं उडणं दिव्यामुळे असं बिघडलं नाही. म्हणजे बाटलीतल्या चिलटांचं उजेडाकडे पळणं वेगळं आणि ट्यूबलाइटभोवतीचं थैमान वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आपण दोन्हींना एकच वाक्य लावतो. शेतकऱ्याचं मात्र कारणावाचून अडत नाही. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर आले की तो शेतात प्रकाश सापळा लावतो, खाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचं घमेलं ठेवतो आणि भुंगेरे त्यात पडतात. ते का पडतात हे न कळताही सापळा चालतो. वर्गाला मात्र "का" सोडून चालणार नाही.

यानंतर मी मुलांना एक गोष्ट ध्यानात आणून देतो. फारसी-उर्दू शायरीने परवान्याला इश्क़ची निशाणी केलं, पण कुराणात आणि हदीसमध्ये पतंग आशिक म्हणून येत नाही. 'सूरह अल-कारिआ'मध्ये कयामतच्या दिवशीच्या माणसांना विखुरलेल्या पतंगांची उपमा आहे. ते चित्र गोंधळाचं आहे, दिशा हरवल्याचं आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या एका हदीसमध्ये पैगंबर (स.) स्वतःची तुलना आग पेटवणाऱ्या माणसाशी करतात. पतंग आणि किडे त्या आगीत पडू लागतात आणि तो माणूस त्यांना अडवत राहतो. तिथे पतंग हा वाचवायचा जीव आहे. यावरून "बघा, विज्ञान आधीच सांगितलं होतं" असं म्हणायचा माझा अजिबात विचार नाही. कुराण हे कीटकशास्त्राचं पुस्तक नाही आणि त्याला तसं बनवण्यात त्याचा मान वाढत नाही. मला एवढंच दिसतं की आगीभोवतीचा पतंग पाहिलेल्या माणसांनी त्याला निरनिराळे अर्थ दिले. कुणी त्यात प्रेम पाहिलं, कुणी गोंधळ पाहिला. पतंग मात्र आपल्या पद्धतीने उडत होता.

मग दुआ खोटी ठरली का? नाही. दुआ मुलाच्या मनाबद्दल आहे, पतंगाच्या नाही. मुलाला काय व्हावंसं वाटतं ते सांगायला शायराने एक ओळखीचं चित्र घेतलं. विज्ञानाच्या वहीत "गेली" लिहायचं आणि परिपाठात दुआ मनापासून म्हणायची, यात मला काहीच अडचण दिसत नाही. अडचण येते ती आपण चित्राला पुरावा समजू लागलो की. ज्याला इल्मची ओढ आहे तो जळून जाईल पण येईल, आणि जो येत नाही त्याला ओढच नाही, असं आपण म्हणू लागतो तेव्हा.

इथे चिलटांकडे परत यावं लागतं. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात सीमोर बेन्झर या शास्त्रज्ञाने नेमका आमच्यासारखाच प्रयोग केला, फक्त बाटल्यांऐवजी परीक्षानळ्या घेतल्या. चिलटं एका नळीत, समोर दुसरी नळी, पलीकडे दिवा. गेलेली वेगळी करायची, न गेलेली वेगळी करायची आणि दोन्ही गटांना पुन्हा पुन्हा संधी द्यायची. त्यातून त्याने अशी चिलटं वेगळी काढली जी पुन्हा पुन्हा उजेडाकडे जात नव्हती, आणि तो फरक आनुवंशिक असल्याचं दाखवलं. वर्तनाचा एखादा धागा जनुकापर्यंत जाऊन शोधता येतो, या विद्याशाखेची ती एक सुरुवात होती. याच बेन्झरबरोबर सत्तरच्या दशकात काम केलेलं एक नाव मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो: ओबैद सिद्दीकी. जन्म १९३२, उत्तर प्रदेशातलं बस्ती. शिक्षण अलीगढला, पुढे ग्लासगोला. होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ मध्ये त्यांनी मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. बेन्झरबरोबर त्यांनी गरम हवेत लुळी पडणारी चिलटं शोधली, त्यातून मज्जातंतूंचं काम समजायला मदत झाली. मुंबईत परतून त्यांनी चिलटांच्या वासाच्या आणि चवीच्या ज्ञानावर काम केलं. पुढे बंगळूरची राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही संस्था त्यांनीच उभारली. २०१३ मध्ये ते गेले. हे नाव ऐकून वर्गात जी कुजबुज होते ती मला दरवर्षी ऐकायची असते. "ये तो अपने जैसा नाम है." केळ्यावरच्या चिलटांवर कुलाब्याला बसून एवढं काम होऊ शकतं हे त्यांना आधी खरं वाटत नाही.

आता लोबच्या यंत्राचं काय झालं ते. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकइवन या अमेरिकी अभ्यासकाने एक विचित्र गोष्ट नोंदवली. चिलटांचे पंख काढले की त्यांची उजेडाकडे जायची ओढ ओसरते. आता उजेडाकडे चालत जायला पंख लागत नाहीत. बाटलीतही ती बरीचशी पायांनीच पळतात. डोळे ठीक होते, पाय ठीक होते, तरी ती जाईनात. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, जर्मनीत गोरोस्तिझा, कोलोम आणि ब्रेम्ब्स यांनी हे पुन्हा तपासलं. त्यांनी पंख साखरेच्या द्रावणाने चिकटवूनही पाहिले. पंख चिकटलेली चिलटं उजेडाऐवजी अंधाराकडे झुकली. पंख मोकळे करून दिल्यावर तीच चिलटं पुन्हा उजेडाकडे जाऊ लागली. लोब म्हणत होता तसं सरळ ओढणारं यंत्र असतं, तर पंखांचा संबंध काय? या अभ्यासकांचं म्हणणं असं की चिलट आधी जणू स्वतःची परिस्थिती पाहतं. उडता येत असेल तर उजेड म्हणजे सुटका. उडता येत नसेल तर उजेड म्हणजे उघड्यावर पडणं, मग अंधाराचा आडोसाच बरा.

हा प्रयोग मी वर्गात करत नाही, फक्त सांगतो. सांगून झाल्यावर मागच्या वर्षी एक मुलगा म्हणाला, "सर, पंख चिपक गए तो वो बेचारा जाएंगा कैसे?" मी म्हटलं, जाऊ शकत होतं, पाय होते. तो म्हणाला, "पर जा के करेंगा क्या?" जाऊन करेल काय. एवढं सोपं करून मला सांगता आलं नसतं.

आपल्या समाजाबद्दलचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय: "मुसलमानांना शिकायचंच नसतं." बाहेरचे म्हणतात, आणि आपले तर मिंबरवरून, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनातही म्हणतात, "हमारी क़ौम को इल्म की क़दर नहीं." २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आकडे आहेत. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के होती, मुस्लिमांची ५९.१ टक्के. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के एकतर कधी शाळेत गेलेलीच नव्हती किंवा मधूनच गळाली होती. ही "गेली नाहीत" ही नोंद झाली, ती खरी आहे आणि ती लपवायचं कारण नाही. पण "नको होतं" हे त्या आकड्यांत कुठेही लिहिलेलं नाही. उलट त्याच अहवालात गरिबी आहे, जवळ सरकारी शाळा नसणं आहे, शिकूनही नोकरी मिळेल याचा भरवसा नसणं आहे. सगळी मुलं मदरशात जातात या समजालाही तिथे उत्तर आहे: शाळेच्या वयातली जेमतेम तीन-चार टक्के मुलं मदरशात होती. जाऊन करेल काय, हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्याच्या आधी पुष्कळ आईबापांनी विचारलेला आहे.

माणूस म्हणजे चिलट नव्हे, हे मला कळतं. चिलटावरून समाजशास्त्र काढू नये, तेही पुन्हा न पाहिलेलं लिहिणंच होईल. मी फक्त प्रश्न विचारायची पद्धत उसनी घेतो आहे.

आमची शाळा आठवीपर्यंतच आहे. दोन वर्षांपूर्वीच्या आठवीत एक मुलगी होती. मोजणीची वही तिच्याकडे असायची, आणि अंधारात राहिलेल्या दोन-चार चिलटांचा आकडा न सांगता लिहिणारी ती एकटीच. निकाल चांगला लागला. नववीची शाळा नऊ किलोमीटरवर. जूनमध्ये ती गेली नाही. आमच्याच शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "शिकायचंच नव्हतं तिला, घरच्यांनाही नको होतं." मी तिच्या घरी गेलो. तिच्या अब्बांनी नकार दिलेला नव्हता. दाखल्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीतल्या फडताळात ठेवलेली होती. मुलींना बसचा पास फुकट मिळतो, तोही त्यांना ठाऊक होता. पण संध्याकाळची बस शाळा सुटायच्या आधीच निघून जायची आणि पुढची रात्री आठला. थंडीत आठ म्हणजे काळोख, फाट्यापासून मोहल्ल्यापर्यंत दिवे नाहीत. अम्मी म्हणाली, "एक लड़की होती तो नहीं भेजती. चार होती तो भेज देती."

म्हणजे चार मुली हव्या होत्या. त्या शोधायला वर्ष गेलं. गेल्या उन्हाळ्यात तीन घरं तयार झाली, त्यांनी मिळून एक रिक्षा ठरवली. भाड्याचा काही भाग मोहल्ल्यातले दोघे दुकानदार देतात. मुलगी एक वर्ष मागे राहून नववीत गेली आहे. चौथं घर अजून विचार करतं आहे. रिक्षावाल्याचं वय झालंय आणि पावसात रस्ता वाहून जातो, त्यामुळे हे किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. पण ती आता जाते, एवढं माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

यंदाच्या आठवीला मी मोजणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवायला सांगितलाय. पहिला "गेली", दुसरा "गेली नाहीत", आणि तिसरा "न जायला काय कारण असू शकेल, आणि ते कसं तपासता येईल". तिसरा रकाना मुलं सर्वांत हळू भरतात. एकाने लिहिलंय, राहिलेली चिलटं म्हातारी असतील. एकीने लिहिलंय, त्यांचे पंख केळ्याच्या चिकाने चिकटले असतील, भिंगातून पाहावं लागेल. भिंग कपाटात आहे. येत्या शुक्रवारी नमाज़नंतरच्या तासाला आम्ही तेच पाहणार आहोत.